खड्ड्यातल्या चौघांना वाली कोण?

पावसाळा ओसरून दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की मुंबईत खोदाईचा हंगाम सुरू होतो. कोठे जलवाहिनी बदलायची असते, कोठे विजेची केबल टाकायची असते, कोठे सांडपाण्याचा नळ तुंबलेला असतो, तर कोठे एखाद्या गृहनिर्माण संस्थेला पाण्याची नवी भूमिगत टाकी हवी असते. सकाळी एक छोटेसे पिवळे यंत्र टेम्पोवरून उतरते. त्याच्याबरोबर चार माणसे येतात : एक चालक, एक हेल्पर आणि दोन बिगारी. संध्याकाळच्या आत काम उरकून ही मंडळी दुसऱ्या गल्लीत निघून जातात. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. त्यांच्या यंत्राच्या धडधडाटाने दुपारची झोप मोडली, एवढीच काय ती आपली त्यांच्याशी ओळख. राजकारणातल्या उलाढालींना या जागेवर मानाचे पान नेहमीच मिळते. आज एक दिवस ते या चौघांना मिळाले, तर वाचक आम्हाला दोष देणार नाहीत असा आमचा विश्वास आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही यंत्राचे शत्रू नाही. पहार, कुदळ आणि घमेले घेऊन चाळीस माणसांनी उन्हातान्हात चार दिवस राबावे, आणि तेच काम यंत्राने एका दिवसात करावे, यात दुःख मानण्यासारखे काही नाही. मोठ्या खोदयंत्राला आपण सरसकट ‘पोकलेन’ म्हणतो, ते वस्तुतः फ्रान्समधल्या एका कंपनीचे नाव आहे. पुढे फावडे आणि मागे खोदणारा बाहू असलेल्या यंत्राला आपण ‘जेसीबी’ म्हणतो, ती १९४५ साली इंग्लंडमध्ये आपला व्यवसाय सुरू करणाऱ्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. परकी विशेषनामे मराठी बोलीत सामान्यनामे होऊन बसावीत, इतकी ही यंत्रे आपल्या जीवनात मुरली आहेत. त्यांत आता त्यांच्या धाकट्या भावंडाची भर पडली आहे. एक टनापासून पाच-सहा टनांपर्यंत वजनाची ही छोटी खोदयंत्रे चाळींच्या बोळातून, इमारत आणि कुंपणभिंत यांच्यामधल्या अरुंद जागेतून सहज आत शिरतात. जेथे मोठे यंत्र जाऊ शकत नाही आणि जेथे माणसाची पाठ मोडते, तेथे हे यंत्र वरदान आहे. आमची तक्रार यंत्राविषयी नाही. ते लहान आहे म्हणून त्याच्याविषयीची जबाबदारीही लहान मानणाऱ्या वृत्तीविषयी आहे.

लहानपणा फसवा असतो. शंभर टनांची क्रेन उभी राहिली की लोक आपोआप दूर सरतात. तीन टनांच्या यंत्राजवळ मात्र माणसे कोपर टेकून उभी राहतात. या यंत्राचा वरचा भाग गरकन फिरतो, आणि तो फिरताना पुढचा बाहू जितका पुढे जातो तितके लक्ष सर्वांचे त्याच्याकडे असते; मागे काय होते याकडे कोणी पाहत नाही. मागच्या वजनाचा तो जड भाग आणि शेजारची भिंत यांच्यामध्ये दीड-दोन फुटांची फट उरते. त्याच फटीत हेल्पर पाण्याची बाटली ठेवायला जातो. चालकाला तो दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात त्याची हाक ऐकू येत नाही. २०१९ साली ‘जेसीबी की खुदाई’ पाहायला जमणाऱ्या गर्दीची देशभर थट्टा झाली. आम्हीही हसलो. परंतु ही गर्दी पुष्कळदा यंत्राच्या फिरण्याच्या पल्ल्यातच उभी असते, आणि तिच्यात शाळेतून परतणारी मुले असतात, हे हसताना आपण विसरलो. यंत्राभोवती दोरी किंवा कठडे लावून त्याच्या पल्ल्यात कोणालाही येऊ न देणे हा सुरक्षिततेचा पहिला धडा आहे. त्याला लागणारा खर्च दोरीच्या एका गुंडाळीचा आहे.

यंत्राहूनही भयंकर आहे तो यंत्राने खणलेला चर. माती ही मऊ वस्तू आहे, असा आपला बालपणापासूनचा समज असतो. एक घनमीटर माती दीड टनाहून जड भरते. म्हणजे एक लहान मोटार जितकी वजनदार असते, तितकी. चराची बाजू ढासळते तेव्हा हे वजन क्षणार्धात माणसावर येते. तो छातीपर्यंत गाडला गेला आणि डोके मोकळे राहिले, तरी तो वाचेलच असे नाही. तो श्वास सोडतो, छाती आत जाते, आणि मोकळी झालेली जागा माती भरून काढते. पुढचा श्वास घ्यायला छाती वर उचलत नाही. माणूस उघड्या आकाशाखाली, लोकांच्या डोळ्यांदेखत गुदमरतो.

शहरातली माती तर अधिकच बेभरवशाची. मुंबईचा पुष्कळसा भाग समुद्र हटवून, भराव टाकून तयार झालेला आहे. शिवाय महानगरातला क्वचितच एखादा रस्ता असा असेल, की जो यापूर्वी कोणी खणलेला नाही. जेथे आज नवा चर खणतात, त्याच्या हातभर अंतरावर जुना चर असतो आणि तो कसाबसा बुजवलेला असतो. एकदा खणलेली माती पुन्हा मूळच्या मातीसारखी घट्ट होत नाही. त्यात फुटक्या नळाचे पाणी झिरपत असते, बाजूने बस आणि डंपर जात असतात, आणि काठावर खुद्द खोदयंत्र उभे राहून हादरे देत असते. सकाळी सरळ भिंतीसारखी दिसलेली चराची बाजू दुपारी का कोसळली, याचे कोडे पडण्याचे कारण नाही. ती सकाळीच का कोसळली नाही, याचेच आश्चर्य मानले पाहिजे.

यावर उपाय माहीत नाही, असे म्हणण्याची सोय नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा नियमांत तो वर्षानुवर्षे छापलेला आहे. दीड मीटर, म्हणजे साधारण उभ्या माणसाच्या खांद्याइतकी खोली झाली, की चराच्या बाजूंना उतार किंवा पायऱ्या दिल्या पाहिजेत, अथवा फळ्या व आडवे टेकू लावून त्या धरून ठेवल्या पाहिजेत. उपसलेली माती काठापासून दीड मीटर किंवा चराच्या खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल तितक्या अंतरावर टाकली पाहिजे. चर एक मीटर वीस सेंटिमीटरहून खोल असेल तर दर तीस मीटरना एक शिडी हवी, आणि ती काठाच्या वर नव्वद सेंटिमीटर आलेली हवी. खालून पोखरून वरची माती पाडण्याचा प्रकार कोणत्याही परिस्थितीत होता कामा नये. हे नियम समजायला अभियंत्याची पदवी लागत नाही. आता वाचकांनी आपल्या घराशेजारच्या खोदाईकडे नजर टाकावी. उपसलेल्या मातीचा ढीग चराच्या अगदी ओठावर असतो. शिडी नसते, बिगारी सोबत्याच्या हाताला धरून वर येतो. फळ्या असतात, पण त्या वाटसरूंना चर ओलांडण्यासाठी टाकलेल्या असतात.

भिंतीलगतच्या खोदाईचा धडा तर महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्याच्या कोंढवा भागात एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत पावसात कोसळली आणि तिच्या पायथ्याशी झोपड्यांत झोपलेल्या मजुरांपैकी व त्यांच्या कुटुंबीयांपैकी पंधरा जण ठार झाले. भिंतीच्या खालच्या अंगाला नव्या बांधकामासाठी खोदकाम झालेले होते. ते काम लहान नव्हते. परंतु भिंत आणि खड्डा यांच्या नात्याचा नियम लहानमोठा भेद जाणत नाही. भिंत जमिनीवर उभी असते, आणि जमीन काढून घेतली की तिचे उभे राहणे ही केवळ वेळेची बाब उरते. कुंपणभिंतीला चिकटून टाकीचा खड्डा घेणारी प्रत्येक गृहनिर्माण संस्था हाच प्रयोग लहान प्रमाणावर करीत असते.

तिसरे संकट जमिनीच्या पोटात आहे. पाण्याचे नळ, विजेच्या केबली, दूरध्वनीच्या तारा, गटारे आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या वाहिन्या यांचे एक दुसरे शहर आपल्या पायांखाली वसलेले आहे. मार्च २०२५ मध्ये अंधेरी पूर्वेला रात्रीच्या वेळी रस्त्याची खोदाई चालू असताना गॅसची भूमिगत वाहिनी फुटली, आग भडकली, आणि आपल्या वाटेने जाणारी माणसे होरपळली. ती माणसे त्या कामावर नव्हती. त्यांचा त्या यंत्राशी काडीचाही संबंध नव्हता. खोदाईची सुरक्षितता हा केवळ मजुरांचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ती रात्र आठवावी.

वाहिनी तेथल्या तेथे फुटली तर निदान अपघात कळतो. ती नुसती खरचटली तर मृत्यू उधारीवर राहतो. बेल्जियममधील गिलेंगियाँ येथे ३० जुलै २००४ रोजी उच्च दाबाची गॅसवाहिनी फुटून चोवीस माणसे मृत्युमुखी पडली आणि शंभराहून अधिक भाजली. त्यापूर्वी तेथे चाललेल्या बांधकामात एका यंत्राने त्या नळावर ओरखडे पाडले होते. नळ त्या वेळी फुटला नाही. पुढे दाब वाढला तेव्हा फुटला. ज्या दिवशी ओरखडा पडला, त्याच दिवशी कोणी तोंड उघडले असते तर काय घडले असते, हा विचार अंगावर काटा आणतो. आपल्याकडे अशा वेळी काय होते? बकेटचा दात कशाला तरी लागल्याचे चालकाच्या हाताला समजते. तो खाली पाहतो, मुकादमाकडे पाहतो, आणि मुकादम म्हणतो, ‘‘काही नाही झाले, माती टाक वर.’’ कळवणाऱ्याला दंड आणि झाकणाऱ्याला शाबासकी, अशी आमची रीत असेल, तर ओरखडे झाकलेच जाणार.

खाली काय आहे हे खणण्यापूर्वी विचारण्याची सोय आता देशात झाली आहे. २२ मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे मोबाइल अ‍ॅप सुरू केले. खणणाऱ्याने त्यावर जागा कळवायची आणि ज्यांच्या वाहिन्या तेथे आहेत त्यांनी त्याला सावध करायचे, अशी ही योजना आहे. बेसुमार खोदाईने भूमिगत तारा तुटून दरवर्षी सुमारे तीन हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असे त्या वेळी सरकारनेच सांगितले होते. योजना उत्तम आहे. मात्र नकाशावरची रेघ आणि जमिनीतला नळ यांत हातभर अंतर पडू शकते, म्हणून कागद पाहिल्यावरही वाहिनीच्या जवळपास पहिला खड्डा हातानेच घेतला पाहिजे. विजेच्या केबलवर विटा किंवा फरशा रचण्याची पद्धत आहे, वाहिन्यांच्या वर सूचनेची रंगीत फीत पुरलेली असते. खोदताना अकस्मात विटांचा थर लागला किंवा प्लॅस्टिकची पट्टी वर आली, तर ती धोक्याची घंटा समजून यंत्र तत्काळ थांबले पाहिजे. त्या विटा बाजूला भिरकावून पुढे खणणारा चालक बेदरकार असतोच असे नाही. त्या विटांचा अर्थ त्याला कोणी सांगितलेलाच नसतो.

येथे आम्ही मुख्य मुद्द्याला येतो. इतके सारे ठाऊक असताना ते होत का नाही? आमच्या मते त्याची कारणे दोन आहेत, आणि ती दोन्ही कामाच्या लहानपणातच दडलेली आहेत.

पहिले कारण कायद्याचे. १९९६ साली संसदेने इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी कायदा केला. त्याखाली १९९८ साली नियम झाले आणि खोदकामाच्या सुरक्षिततेची त्यांत तपशीलवार व्यवस्था लावण्यात आली. पण तो कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता. २०२० साली संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही बांधकामासाठी दहाचाच आकडा धरला. जेव्हा चर कुदळीने खणला जात होता, तेव्हा कोणत्याही खोदाईवर दहा माणसे सहज असत. आता यंत्र आले आणि माणसे चार उरली. म्हणजे ज्या यंत्राने धोका वाढविला, त्याच यंत्राने माणसे कमी करून काम कायद्याच्या कक्षेबाहेर नेले! कंत्राटदाराच्या एकूण हजेरीपटावर दहा नावे असली तर कायदा लागू होतो, हे आम्ही जाणतो. परंतु आज या गल्लीत आणि उद्या त्या गल्लीत अर्ध्या-अर्ध्या दिवसाचे काम करणाऱ्याचा हजेरीपट पाहायला कोणता निरीक्षक जातो? निष्काळजीपणाने यंत्र चालविणाऱ्याला आणि मृत्यूस कारण होणाऱ्याला फौजदारी कायद्यात शिक्षा आहे. पण ती माणूस मेल्यानंतरची गोष्ट झाली. आणि तेव्हाही हातकडी पडते ती बहुधा चालकाच्या हातात. घड्याळ हातात धरून त्याला घाई करणारा नामानिराळा राहतो.

दुसरे कारण त्या घड्याळाचेच आहे. ही यंत्रे तासाच्या भावाने येतात. यंत्राच्या मालकाने ते पुष्कळदा कर्ज काढून घेतलेले असते आणि हप्ता दरमहा दारात उभा असतो. त्यामुळे यंत्र उभे राहणे त्याला परवडत नाही. ते भाड्याने घेणाऱ्या कंत्राटदारालाही ते उभे राहणे परवडत नाही. नकाशा पाहणे, हाताने चाचणीचा खड्डा घेणे, बाजूंना फळ्या लावणे, या प्रत्येक कामात यंत्र उभे राहते आणि मीटर चालू राहतो. सुरक्षिततेला लागणारा वेळ हा अशा रीतीने हिशेबात ‘फुकट गेलेला वेळ’ ठरतो. जो व्यवहार सावधपणाचे पैसे देत नाही आणि घाईचे देतो, त्या व्यवहारातून घाईच विकत मिळणार. यात कोणाचे क्रौर्य शोधण्याची गरज नाही. हिशेबाची मांडणीच चुकीची आहे.

या दोहोंच्या कात्रीत सापडतो तो चालक. बहुतेकदा तो विशीतला तरुण असतो. हेल्पर म्हणून यंत्राबरोबर आला, उस्तादाच्या शेजारी उभा राहून दांडे हलवायला शिकला, आणि एके दिवशी उस्ताद गावी गेला म्हणून आसनावर बसला. रबरी चाकांचे यंत्र रस्त्यावर आणायचे तर नोंदणी आणि वाहन चालविण्याचा परवाना लागतो. पण रस्त्यावर यंत्र हाकण्याचा परवाना हा जमीन खणण्याचा परवाना नव्हे. सर्व यंत्रांचे दांडे एकाच पद्धतीने चालत नाहीत : एका यंत्रात ज्या दांड्याने बाहू वर उचलतो, दुसऱ्यात त्याच दांड्याने तो पुढे सरकतो. काल एक यंत्र आणि आज दुसरे चालविणाऱ्याचा हात संकटाच्या क्षणी जुन्याच सवयीने हलतो. म्हणून नव्या यंत्रावर बसणाऱ्याने प्रथम मोकळ्या जागेत ते चालवून पाहिले पाहिजे. यंत्र कलंडू लागले की उडी मारावीशी वाटते, आणि उडी मारणारा नेमका त्याच यंत्राखाली सापडतो. डोक्यावरची मजबूत चौकट आणि आसनाचा पट्टा त्याला आत धरून ठेवण्यासाठीच असतात. खाली उतरण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवावी, दांडे निकामी करणारा खटका ओढावा, किल्ली काढावी. बकेट बदलल्यावर तिची खीळ नीट बसली की नाही हे डोळ्यांनी पाहावे. तेलाची नळी गळते का हे बोट लावून तपासू नये, कारण त्या दाबाचे तेल कातडी भेदून आत जाते. काठावर यंत्र असे उभे करावे, की जमीन खचू लागताच ते सरळ मागे घेता यावे. इशारा एकाच माणसाने द्यावा. मात्र ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला असावा.

हे शेवटचे वाक्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. माती सुटू लागल्याची पहिली चाहूल कोणाला लागते? चराच्या तळाशी उभ्या असलेल्या बिगाऱ्याला. बाजूला बारीक भेग पडल्याचे, पाणी पाझरू लागल्याचे, खड्याखड्याने माती घसरू लागल्याचे तोच प्रथम पाहतो. आणि ‘थांबा’ म्हणण्याची सर्वांत कमी हिंमत कोणाला असते? त्यालाच. त्याने तसे म्हटले तर उद्या नाक्यावर दुसरा उभा आहे. ज्याला धोका दिसतो त्याला आवाज नाही आणि ज्याला आवाज आहे तो चराच्या जवळपासही नाही, हीच या सगळ्या अपघातांची जन्मकथा आहे.

अपघात घडल्यावरही अज्ञानच जीव घेते. माती कोसळली की सोबती जिवाच्या आकांताने चरात उड्या घेतात, आणि उरलेली बाजू त्यांच्यावर येते. कोणी चालकाला ओरडून सांगतो, ‘‘बकेट घाल, काढ त्याला!’’ ज्या पोलादी दातांनी जमीन फोडली जाते, त्यांनी मातीखालचा माणूस कसा काढता येईल? अशा वेळी यंत्र थांबवावे, काठावरची गर्दी हटवावी, अग्निशमन दलाला तत्काळ बोलवावे आणि बाजू टेकूंनी धरल्याशिवाय कोणाला आत उतरू देऊ नये. गॅसचा वास आला तर इंजिन बंद करून, ठिणगीची शक्यता टाळून, सर्वांनी वाऱ्याच्या उलट दिशेला सरकावे. नळ हाताने बुजविण्याचे शौर्य करू नये. हे चार शब्द काम सुरू होण्यापूर्वी सांगायला दहा मिनिटे लागतात. अपघातानंतर ते सांगायला कोणी उरत नाही.

यावर व्यवहारी मंडळी म्हणतील, ‘‘एवढ्याशा कामाला एवढा बडेजाव कशाला? आजवर काही झाले का?’’ आजवर काही झाले नाही हा पुरावा सावधपणाचा नसून नशिबाचा आहे, आणि नशीब ही काही निविदेत मांडता येण्याजोगी बाब नव्हे. कोणी असेही म्हणतील, की याने खर्च वाढेल. जरूर वाढेल. परंतु आज तो खर्च वाचत नाही. तो चौघांच्या जिवावर टाकला जातो, इतकेच. आपल्या पाण्याच्या टाकीचा खर्च दुसऱ्याच्या घरच्या विधवेने भागवावा, असे उघडपणे म्हणण्याची कोणाची तयारी आहे?

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. महापालिकेने चर खोदण्याची परवानगी देताना त्या कागदावर एका जबाबदार व्यक्तीचे नाव लिहून घ्यावे आणि ती व्यक्ती काम संपेपर्यंत जागेवर हजर राहावी. भूमिगत वाहिन्यांची चौकशी केल्याचा पुरावा जोडल्याशिवाय परवानगी मिळू नये. निविदेत बाजूंच्या टेकूंसाठी, चाचणीच्या खड्ड्यांसाठी आणि यंत्र थांबून राहण्याच्या वेळेसाठी स्वतंत्र रक्कम असावी, म्हणजे सावधपणा हा कोणाच्या खिशातला तोटा ठरणार नाही. चालकांना यंत्रावरच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर खोदू देऊ नये. वाहिनीला धक्का लागल्याचे आपण होऊन कळविणाऱ्याला अभय आणि लपविणाऱ्याला जबर दंड असावा. आणि शासनाने दहाच्या आकड्याचा फेरविचार करावा : जेथे यंत्राने जमीन खणली जाते आणि माणूस खाली उतरतो, तेथे तो एकटा असला तरी सुरक्षिततेचे नियम लागू व्हावेत. धोका खोलीवर अवलंबून असतो, हजेरीपटावर नव्हे.

सरकारकडे मागण्या करून आपण मोकळे होतो, अशी सवय आम्हा पत्रकारांना आणि आमच्या वाचकांना आहे. म्हणून शेवटचे शब्द वाचकांनाच. या छोट्या यंत्रांना बोलावणारे पुष्कळदा आपणच असतो. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत तीन दरपत्रके वाचली जातात, सर्वांत कमी दराचे मंजूर होते, आणि चिटणीस ठेकेदाराला बजावतात की रविवारच्या आत आटपा. त्याच सभेत चार प्रश्न विचारले जावेत, एवढेच आमचे मागणे आहे. खाली काय आहे हे कोणी पाहिले? चर खोल झाल्यावर बाजू कशाने धरणार? चालक शिकलेला आहे काय? आणि काही विपरीत दिसले तर काम थांबविण्याचा अधिकार कोणाला, व त्या थांबलेल्या तासाचे पैसे कोण देणार? या चारांची उत्तरे नसतील, तर ते दरपत्रक कितीही स्वस्त असले तरी ते महाग आहे.

उद्या सकाळी आपल्या दारासमोर ते पिवळे यंत्र उतरेल. यंत्राकडे आपण पाहणारच आहोत. त्याच्यामागे जो फावडे खांद्यावर टाकून चालतो आहे आणि थोड्याच वेळात जो चरात उतरणार आहे, त्याच्याकडेही क्षणभर पाहावे. संध्याकाळी तो वर आला की नाही, हे पाहण्याची जबाबदारी काम सांगणाऱ्याची आहे. आणि काम सांगणारे आपण आहोत.